दुसऱ्या महायुद्धाच्या गेममध्ये पिस्तुलाचा नेम कसा बसवायचा

महायुद्धावरच्या नेमबाजीच्या गेममध्ये पिस्तुलाची दोनच टोकं जास्त दिसतात. एका टोकाला ते खिशातली स्नायपर रायफल असतं: पन्नास मीटरवरच्या खिडकीत डोकं दिसलं की तीन क्लिक आणि काम फत्ते. दुसऱ्या टोकाला 'वास्तववाद' म्हणून नळीलाच शिक्षा झालेली असते. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, बरोबर छातीवर असते आणि गोळी मात्र कानाजवळून निघून जाते. पहिल्या प्रकारात खेळाडूला मजा येते, दुसऱ्यात तो शिव्या घालतो. तपशिलाने दोन्ही चूकच आहेत.

सर्व्हिस पिस्तूल मुळात बरंच अचूक असतं. अमेरिकन सैन्याचं एम१९११ए१ बाकावर नीट टेकवून २५ मीटरवर दहा गोळ्या झाडल्या, तर त्या साधारण १० सेंटीमीटरच्या वर्तुळात बसतात. उभ्या माणसाच्या धडाला एवढी अचूकता पुरून उरते. नेम बिघडतो तो मनगट, बोट, श्वास आणि भीती यांमुळे. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: चूक हाताच्या खात्यात टाका, नळीच्या नाही, आणि ती खेळाडूला पडद्यावर दिसू द्या. दिसणारी चूक त्याला सांभाळता येते. न दिसणारी चूक म्हणजे निव्वळ मटका.

आधी माउसचा हिशेब

गेममधलं पिस्तूल इतकं अचूक का होतं, ते पिक्सेल मोजले की कळतं. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर आडवा दृश्यकोन ९० अंश असेल, तर मध्यभागी एक पिक्सेल म्हणजे साधारण १ मिलिरेडियन (कोनाचं एकक, रेडियनचा हजारावा भाग). १०० मीटरवर १० सेंटीमीटर, २५ मीटरवर अडीच सेंटीमीटर. नेम धरताना झूम होऊन कोन ६० अंशांवर आला, तर एक पिक्सेल ०.६ मिलिरेडियनचा होतो. २५ मीटरवरचा ४५ सेंटीमीटर रुंद माणूस तेव्हा पडद्यावर सुमारे ३० पिक्सेल भरतो. टेबलावर टेकलेला माउस एका पिक्सेलवर कितीही वेळ स्थिर राहतो. हवेत ताणून धरलेला हात एवढा स्थिर कधीच राहत नाही. तुम्ही काहीच केलं नाही, तर खेळाडूच्या हातात पिस्तूल नसून शिकंज्यात आवळलेली नळी असते.

पायरी १: एकक आणि वाटणी ठरवा

सगळं मिलिरेडियनमध्ये लिहा. अंश, रेडियन आणि अर्धकोन यांची सरमिसळ हा या कामातला सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. अनरियल या गेम इंजिनचं व्हीरँडकोन हे फंक्शन अर्धकोन मागतं आणि तोही रेडियनमध्ये. तिथे कोणी पूर्ण कोन भरला की पसारा गुपचूप दुप्पट होतो, आणि पुढचे दोन आठवडे सगळे 'रिकॉईल (झाडल्यावरचा धक्का) जास्त आहे' म्हणून भलत्याच ठिकाणी खणत बसतात.

दुसरा घोटाळा वाटणीचा. खऱ्या गोळ्या वर्तुळात सारख्या पसरत नाहीत. मध्यावर दाट आणि कडेला विरळ पडतात. त्यासाठी आडव्या आणि उभ्या दिशेला स्वतंत्र गॉसियन संख्या घ्या. त्या काढायचं बॉक्स-म्यूलरचं सूत्र चार ओळींत लिहून होतं. सारखं पसरलेलं वर्तुळच हवं असेल तर त्रिज्येला रँडम संख्येचं वर्गमूळ लावा, नाहीतर गोळ्या मध्यावर खोट्याच गोळा होतात.

पुस्तकी 'ग्रुप'वरून, म्हणजे पाटीवरच्या भोकांच्या झुबक्यावरून, सिग्मा (पसाऱ्याचं माप, प्रमाण विचलन) काढताना गोळ्यांची संख्या बघा. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर पाच गोळ्यांसाठी सरासरी ३.१ सिग्मा असतं आणि दहा गोळ्यांसाठी ३.८ सिग्मा. म्हणजे २५ मीटरवर दहा गोळ्यांचा १० सेंटीमीटरचा ग्रुप असेल, तर सिग्मा सुमारे २.६ सेंटीमीटर. कोनात तो १ मिलिरेडियन भरतो, अंशांत ०.०६. नळीच्या खात्यात एवढंच टाका. या काळातल्या सगळ्या चांगल्या स्थितीतल्या सर्व्हिस पिस्तुलांना १ ते १.५ मिलिरेडियन पुरे. जर्मन लुगर आणि सोव्हिएत टोकारेव यांच्या नळ्यांत फरक दाखवायचा मोह आवरा. तो खेळाडूला जाणवणारसुद्धा नाही.

पायरी २: हात

इथे वेळ घाला.

पिस्तुलाची खरी अडचण माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर आहे. एम१९११ए१ मध्ये ते सुमारे १६५ मिलिमीटर आहे. खाचेत माशी १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १५ सेंटीमीटर बाजूला जाते. एम१ गॅरंड रायफलीवर हेच अंतर ७११ मिलिमीटर, त्यामुळे तेवढ्याच चुकीला गोळी साडेतीन सेंटीमीटर हलते. लुगरची मागची खाच टॉगलवर (झाडल्यावर वर दुमडणाऱ्या सांध्यावर) अगदी मागे आहे. अंतर सुमारे २२० मिलिमीटर, त्यामुळे चूक साडेअकरा सेंटीमीटरवर येते. लुगर 'हातात चांगलं बसतं' ही तिची ख्याती गेममध्ये आणायची असेल, तर ती या आकड्यातून आणा.

यावरून एक गोष्ट ठरते. डोलणं हे मनगटाभोवतीचं फिरणं असलं पाहिजे, मॉडेलचं नुसतं सरकणं नाही. अख्खा हात १ सेंटीमीटर डावीकडे सरकला, तर गोळीही कुठल्याही अंतरावर १ सेंटीमीटरच सरकते. मनगट वळलं तर चूक अंतराच्या पटीत वाढते. पडद्यावर माशी खाचेच्या आत हलताना दिसली पाहिजे, आणि गोळी त्या क्षणी नळी जिकडे आहे तिकडेच गेली पाहिजे. कॅमेऱ्याच्या मध्यातून गोळी सोडून वरून पिस्तूल हलवलं, तर ते हलणं केवळ शोभेचं. खेळाडू मॉनिटरच्या मध्यावर चिकटपट्टीचा ठिपका लावतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात जाते. उलट, डोलण्याबरोबर कॅमेराही हलवलात तर लोकांना मळमळतं. कॅमेरा स्थिर, पिस्तूल मोकळं, हे गणित बरं.

डोलणं तीन थरांत बांधा. उभ्या, एका हाताने नेम धरलेल्या प्रशिक्षित सैनिकासाठी हे आकडे सुरुवातीला चालतात:

- सावकाश भरकटणं: अर्धा ते एक हर्ट्झ, सिग्मा ३.५ मिलिरेडियन
- श्वास: मिनिटाला १२ ते १८, धावून आल्यावर ३० ते ४०, सिग्मा १.५, मुख्यतः उभ्या दिशेत
- बोटांचं थरथरणं: ८ ते १२ हर्ट्झ, सिग्मा ०.७

वेगवेगळ्या कारणांच्या चुका सरळ बेरजेने नाही, वर्गांच्या बेरजेने जुळतात. तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ३.९ येतात, म्हणजे ४ धरा. आता श्वास रोखायची कळ दाबली असं समजा. श्वासाचा १.५ गेला तरी उरतात ३.६. फरक अगदीच किरकोळ. रायफलीवरून उचललेली 'शिफ्ट दाबा, पिस्तूल गोठवा' ही सोय पिस्तुलावर नुसती खोटीच नाही, तर बाकीचं सगळं काम निरर्थक करणारी आहे.

थरांसाठी साइन लाटा वापरू नका. आठाच्या आकड्यासारखा मार्ग खेळाडूला तासाभरात पाठ होतो. पर्लिन नॉइज (सलग वाहणारी पण पाठ न होणारी रँडम हालचाल) घ्या, आणि नेम धरल्यापासून पहिलं अर्धं सेकंद डोलणं दीडपट ठेवा. दीड ते चार सेकंदांच्या दरम्यान ते सर्वांत कमी असावं आणि सहा सेकंदांनंतर हात थकून पुन्हा वाढावं. एक किलोपेक्षा जड एम१९११ए१ ताणलेल्या हातात फार वेळ शांत राहत नाही.

एका हाताचा उल्लेख मुद्दाम केला. त्या काळच्या सैनिकी शिक्षणात पिस्तूल बहुधा अंग तिरकं करून एकाच हाताने धरत. दोन हातांची आज रूढ असलेली पकड अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरली. १९४४ च्या नॉर्मंडीतला सैनिक दोन्ही हातांनी छातीसमोर पिस्तूल धरून भिंतींच्या कोपऱ्यांआडून डोकावत चाललेला दाखवणं म्हणजे पेशव्यांच्या मनगटावर घड्याळ. ॲनिमेशनसाठी दोन हात ठेवावेच लागले तर ठेवा, पण आकडे एका हाताचेच राहू द्या.

एक हात म्हणजे नेम बेकार, असंही समजू नका. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये ज्या २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, तो प्रकार एकाच हाताने खेळतात. प्रिसिजन फेरीत दहा गुणांचं वर्तुळ फक्त ५ सेंटीमीटर व्यासाचं असतं. फरक हत्यारात आणि परिस्थितीत आहे: .२२ चं स्पर्धेचं पिस्तूल, हलका चाप, आणि समोरून कोणी गोळ्या घालत नसतं.

पायरी ३: चाप

बहुतेक गेम ही पायरी गाळतात, आणि दोन पिस्तुलांमधला खरा फरक नेमका इथेच सापडतो. एम१९११ए१ चा चाप साधारण अडीच-तीन किलोच्या ताणाला सुटतो, आणि हॅमर (काडतूस पेटवणारा घोडा) आधीच मागे ओढलेला असतो. ब्रिटिशांच्या एनफील्ड नंबर २ मार्क १* रिव्हॉल्व्हरच्या हॅमरला हाताने ओढायची शेपटीच नाही. प्रत्येक गोळीला चापानेच सिलिंडर फिरवायचा आणि हॅमरही उचलायचा. ताण पाच-सहा किलो. रशियन नागां एम१८९५ रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर पुढे ढकलून वायूची गळती बंद करायची यंत्रणा आहे. तिचं ओझंही चापावरच येतं, आणि हॅमर हाताने न ओढता झाडायचं तर ताण नऊ किलोंच्या पुढे जातो. जर्मन पी३८ ची पहिली गोळी जड चापाची, पुढच्या सात हलक्या.

हे असं बसवा. क्लिक आणि हॅमर पडणं यांच्यात छोटा अवकाश ठेवा, आणि त्या अवकाशात पिस्तुलाला चापाचा झटका द्या. हलक्या चापाला ३० ते ५० मिलिसेकंद आणि सिग्मा ३ मिलिरेडियन. एनफील्डला २०० ते २५० मिलिसेकंद आणि सिग्मा ८. नागांला १० च्या वर, पण हॅमर हाताने ओढायची वेगळी कळ द्या: पाऊण सेकंद जास्त लागेल आणि सिग्मा साडेतीनवर येईल. हलक्या चापाला ५० मिलिसेकंदांच्या वर नेऊ नका. तो खेळाडूला चाप वाटत नाही, लॅग वाटतो. जड चापासाठी कळ दाबून धरायला लावली आणि पडद्यावर बोट व हॅमर हलताना दाखवले, की तक्रार येत नाही.

झटका पूर्ण रँडम नको. उजव्या हाताच्या माणसाचा घाईत ओढलेला चाप गोळी खाली-डावीकडे नेतो, म्हणून सरासरी त्या बाजूला थोडी झुकवा. मुरलेला खेळाडू ते ओळखून भरपाई करायला शिकतो.

आता बेरीज करून बघा. धड म्हणजे २२ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरू. हात ४, चाप ३: एकत्र ५ मिलिरेडियन. नळीचा १ मिळवला तर ५.१. नळी हिशेबात जवळजवळ येतच नाही. ५ मिलिरेडियनला २५ मीटरवर ७९ टक्के गोळ्या धडात बसतात, ५० मीटरवर ३२ टक्के. डोक्यासाठी ९ सेंटीमीटर त्रिज्या घेतली, तर २५ मीटरवर २३ टक्के. तोच हात एनफील्डच्या चापावर ठेवा: एकत्र ८.९, आणि २५ मीटरवर धडाचे ७९ टक्के थेट ३८ वर येतात. एनफील्ड खराब वाटायला नळीला हात लावावाच लागला नाही.

पायरी ४: धक्का

गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले पिस्तुलाचं वजन, एवढ्या भांडवलावर सुरुवात करा. एम१९११ए१ ची .४५ इंची गोळी १४.९ ग्रॅमची, वेग सुमारे २५३ मीटर प्रति सेकंद. लुगर आणि पी३८ ची ९ मिलिमीटरची सुमारे ८ ग्रॅमची, वेग ३५० च्या आसपास. टोकारेवची साडेपाच ग्रॅमची, वेग ४२० च्या पुढे. संवेगात .४५ ला १०० धरलं तर ९ मिलिमीटर ७४ आणि टोकारेव ६१ येतात. पण एम१९११ए१ १.१ किलोचं आणि पी३८ सुमारे ८०० ग्रॅमचं. वजनाने भागलं की पी३८ एम१९११ए१ च्या बरोबरीला येतं. '.४५ म्हणजे तोफ' ही समजूत गेममध्ये फार ताणलेली आहे.

उडी मारलेलं पिस्तूल आपोआप जुन्या जागी परतवू नका. ७० ते ८० टक्के परतवा, उरलेलं खेळाडूच्या हातावर सोडा. एका हाताने पुन्हा नेम बसायला ०.६ ते ०.८ सेकंद लागू द्या. त्याआधी क्लिक करणाऱ्याला अडवू नका. गोळी जिथे नळी आहे तिथे जाऊ द्या.

पायरी ५: घाई आणि भीती

डोक्यावरून गोळ्या जात असताना हात आणि चाप दोन्ही सिग्मा तिप्पट करा: १२ आणि ९, एकत्र १५. धडाचे आकडे मग असे पडतात: १० मीटरवर ६६ टक्के, २५ वर १६, ५० वर ४. हे कठोर वाटत असेल तर एक ताळा बघा. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ च्या नोंदी रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २००८ च्या अहवालात तपासल्या. समोरून गोळीबार होत असताना लागलेल्या गोळ्यांचं प्रमाण १८ टक्के निघालं, समोरून होत नसताना ३०. ते युद्ध नव्हे आणि त्या पोलिसांकडे आजची पिस्तुलं होती, तरीही. पळणारं, वाकणारं लक्ष्य बाकीची चूक स्वतःच घडवतं, म्हणून भीतीचा गुणक तीनच्या वर नेऊ नका.

चालताना हात १० मिलिरेडियन. धावताना नेम धरताच येऊ नये. पालथं पडून किंवा भिंतीच्या कडेवर मनगट टेकवून हात-चाप मिळून ३ पर्यंत खाली येऊ द्या: ५० मीटरवर ६६ टक्के. विचार करून टेकणाऱ्याला हे बक्षीस मिळालंच पाहिजे.

कमरेजवळून, माशी न बघता झाडण्यासाठी ३५ मिलिरेडियन ठेवा. तीन मीटरवर दहांतल्या नऊ लागतील, दहा मीटरवर पाचांत एखादी. शांघाय म्युनिसिपल पोलिसांत मुरलेले फेअरबर्न आणि साइक्स यांनी युद्धात ब्रिटिश कमांडोंना असली झटपट नेमबाजी शिकवली, पण ती हाताच्या अंतरावरच्या गाठीसाठी होती. पडद्यावर क्रॉसहेअर (मध्यावरची नेमाची फुली) अजिबात नको.

पिस्तूल बाहेर काढायला दोन-अडीच सेकंद घ्या. जर्मन आणि अमेरिकन दोन्ही सैन्यांचं चामडी म्यान झाकणाचं होतं, आणि हातातली रायफलही कुठेतरी जायला हवी. अर्ध्या सेकंदात पिस्तूल बाहेर आलं, तर रिकाम्या रायफलीची भीतीच उरत नाही.

पायरी ६: गोळीचा प्रवास

थोडक्यात आटपू. .४५ ची गोळी ५० मीटरला ०.२ सेकंदात पोचते आणि तेवढ्यात नळीच्या रेषेखाली २० सेंटीमीटर उतरते. २५ मीटरवर नेम जुळवला असेल, तर ५० वर सुमारे ८ सेंटीमीटर खाली लागते, १०० वर ५५ च्या पुढे. टोकारेवची १०० वर साधारण २० खाली. ५० मीटरपर्यंत उतार नगण्य, त्यापुढे .४५ आणि एनफील्डची संथ .३८/२०० यांना तो जाणवू द्या. या दोन्ही गोळ्या आवाजापेक्षा हळू जातात, तेव्हा कानाजवळून गेल्याचा चाबकासारखा कडाका त्यांना लावू नका. टोकारेवला लावा.

पहिल्या महायुद्धाचा गेम असेल तर एक पोटनियम. तोफखान्याची लांब नळीची लुगर आणि मॉझर सी९६ यांच्या दृष्टीपट्टीवर ८०० आणि १००० मीटरचे आकडे आहेत. ते कारखान्याचा आशावाद समजा. लाकडी दस्ता जोडल्यावर मात्र ही हत्यारं पिस्तूल राहत नाहीत. हाताचा सिग्मा २ वर आणा आणि त्यांना छोटी कार्बाइन म्हणून वागवा.

पायरी ७: कोणाला द्यायचं

सगळ्यांना नको. अधिकारी, रणगाड्यातले, मशीनगन आणि मॉर्टर चालवणारे, काही छत्रीधारी, एवढ्यांनाच पिस्तूल द्या. पिस्तुलाने सामान्य सैनिकाला लांबवर मारता येत नाही हे सैन्यांनाही ठाऊक होतं. अमेरिकेने १९४१ मध्ये एम१ कार्बाइन स्वीकारली ती बऱ्याच अंशी पिस्तूलधारी दुय्यम पथकांसाठीच. ब्रिटिशांनी .४५५ चं वेब्ली रिव्हॉल्व्हर सोडून .३८ कडे जाण्याचं एक कारण हेच होतं, की नवख्याला ते लवकर शिकवता येतं. सैनिकांचे वर्ग ठरवताना ही कारणं हाताशी ठेवा, म्हणजे 'माझ्या रायफलमनला पिस्तूल का नाही' याचं उत्तर तयार असतं.

पायरी ८: मोजणी

७, १५, २५ आणि ५० मीटरवर धडाच्या आकाराच्या पाट्या उभ्या करा. बॉटला (संगणकाने चालवलेल्या खेळाडूला) माउस न हलवता, ठरावीक दोन सेकंदांनी चाप ओढायला लावा आणि प्रत्येक अंतरावर २०० गोळ्या झाडा. एवढ्या गोळ्यांत ७९ टक्क्यांचा आकडा साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होईल. त्याच्या दुपटीहून जास्त फरक पडला तर बहुधा कोडमध्ये चूक आहे. आधी हात आणि चाप शून्य करून फक्त नळी तपासा, मग एकेक थर चालू करा. सगळे थर एकदम चालू करून तपासलं की कुठला थर बिघडला ते शोधत रात्र जाते.

मल्टिप्लेअरमध्ये डोलण्याचं बीज (रँडम संख्या जिथून सुरू होतात तो आकडा) सर्व्हर आणि खेळाडू दोघांकडे एकच हवं. नाहीतर खेळाडूच्या पडद्यावर माशी छातीवर असते आणि सर्व्हरच्या लेखी खांद्याबाहेर. मग सगळ्या कष्टानंतरही गोळी पुन्हा कानाजवळून निघून जाते.

माणसांच्या चाचणीत आकडे बॉटपेक्षा चांगले येतील, कारण माणूस डोलणं बघून क्षण साधतो. २५ मीटरवर शांतपणे झाडणारा खेळाडू ८५ ते ९० टक्क्यांवर गेला तर तसाच राहू द्या. ५० वर तो ६० च्या पुढे जाऊ लागला तर भरकटण्याचा थर अर्ध्या मिलिरेडियनने वाढवा आणि पुन्हा मोजा. नळीचा १ मिलिरेडियन आहे तिथेच ठेवा.